धुतलेले पाय धुणारा पंच

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. घाईनं उत्तर देणारा माणूस मला नेहमी पहिल्या रांगेत सापडतो!

देव कोणाच्या वाटेत आडवा उभा राहतो?

चोराच्या? नाही हो! येशू प्रभूच्या शेजारीच क्रुसावर टांगलेला होता की चोर – त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं दार उघडलं. गावानं ओवाळून टाकलेल्या बाईच्या? तिनं आसवांनी त्याचे पाय भिजवले, त्यानं पाय आखडून घेतले नाहीत. जकातदाराच्या? छे! त्याच्या तर घरी जाऊन जेवला! मग कोणाच्या? बोला ना! आता का गप्प?

शास्त्र सांगतं – गर्विष्ठाच्या! लीन माणसावर देव कृपा करतो, पण गर्विष्ठाला तो विरोध करतो. विरोध! ग्रामपंचायतीला विरोधक परवडतो, मंडळी. देवच समोरून उभा राहिला, तर तुमचं डिपॉझिट तरी वाचेल का?

बाबेलचा राजा गच्चीवर फिरत होता. मिशीला पीळ देत म्हणाला, 'वा! हे एवढं मोठं शहर कोणी बांधलं? मी!' शब्द अजून तोंडात होता – राज्य गेलं! बैलासारखं गवत खात फिरला रानोमाळ. परूशी, म्हणजे काटेकोर धर्म पाळणारा शिष्ट, देवळात उभा राहिला, 'देवा, तुझे उपकार, मी त्या जकातदारासारखा नाही.' देवळात जसा आला तसाच घरी गेला. हात रिकामे ते रिकामेच.

हसताय? हसा. हे गर्विष्ठ ओळखायला सोपे आहेत. गच्चीवर असतात, पुढं उभे असतात, लांबून दिसतात. माझा राग आज त्यांच्यावर नाही. माझा राग दुसऱ्या गर्वावर आहे – जो गुडघे टेकून येतो! कमरेला टॉवेल बांधून, मान खाली घालून, डोळे मिटून येतो! त्याला तुम्ही आम्ही काय म्हणतो? 'किती नम्र माणूस!'

सिमोनराव, पेटी थांबवा जरा. या आख्यानाला सूर नंतर. आधी राग येऊ द्या.

मंडळी, ऐका. आपल्या नगर जिल्ह्यातच, कालव्याच्या कडेला एक गाव. नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, 'हां, ते त्यांचं, आमचं नाही.' गावात ख्रिस्ती वस्ती मोठी. दगडी देऊळ, चांगली घंटा, आणि वस्तीच्या दोन आळ्या – वरची आळी आणि खालची आळी. दोघींचा प्रभू एक, बाप्तिस्म्याचं पाणी एक, गीतांचं पुस्तक एक. पण पणजोबा कुठल्या जातीच्या वाड्यातून येऊन ख्रिस्ती झाला, ते चार पिढ्यांनंतरही सगळ्यांना पाठ! दहा आज्ञा विचारा – सहाव्या आज्ञेला अडखळतील. आळी विचारा – झोपेत सांगतील!

वरच्या आळीत शमुवेलराव गोर्डे. मंडळीचे थोरले पंच. उंच, सरळ, पांढरंशुभ्र धोतर, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांच्या घराण्याला एक मान होता. पवित्र गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, देवळात बारा जणांचे पाय धुवायचे. इतर ठिकाणी हे काम मंडळीचे धर्मगुरू, पाळक, करतात. या गावात गोर्ड्यांचा पंच करायचा! आजा करायचा, बाप करायचा, आता शमुवेलराव. पाळकसाहेब बाजूला उभे राहून टॉवेल धरायचे. एकदा एका नव्या पाळकांनी विचारलं, 'यंदा मी धुऊ का?' त्यांची बदली कुठं झाली ते विचारू नका!

लक्षात घ्या – पाय धुण्याचा मान! सेवकाचं काम, आणि त्याचा मान! तो मान दुसऱ्यानं घेतला तर भांडण! खाली बसायची सुद्धा मालकी असते का हो? या गावात होती.

आणि पाय कोणाचे? शमुवेलराव पंधरा दिवस आधीच बारा जण निवडायचे. सगळे वरच्या आळीचे. ज्याची निवड झाली, त्याच्या घरी धांदल. गुरुवारी सकाळपासून पाय घासायचे – वजरीनं टाचा, ब्रशनं नखं, वासाचा साबण, वरून खोबरेल! कारण पंचांच्या हातात घाणेरडा पाय कसा द्यायचा? आता सांगा मला – धुतलेले पाय धुवायचे! त्या शिष्यांतल्या पेत्रानं पाय मागे घेतला तो लाजेनं, 'प्रभू, तू माझे पाय धुणार?' इथं लाजेचं कारणच शिल्लक ठेवलं नाही. बारा जणांचे पाय धुऊन झाले तरी घंगाळातलं पाणी तुम्ही घरी नेऊन आमटीला वापरावं, असं!

आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात एकच चर्चा, 'पंचांची लीनता बघितली का? एवढा मोठा माणूस, पण गुडघ्यावर!' शमुवेलराव ऐकायचे आणि म्हणायचे, 'छे छे, मी कोण? मी धूळ.' धूळ! अहो, त्या धुळीवर कोणी चुकून पाय देऊन बघावा!

तो पाय एकीनं दिला. त्यांच्याच मुलीनं.

रिबका तिचं नाव. एकुलती एक. देवळातल्या गायनमंडळात पुढं उभी राहून गायची, आणि मागं ढोलकीवर असायचा इसहाक – खालच्या आळीचा. सरळ पोरगा, दुसऱ्याच्या मळ्यात सालानं काम करणारा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. दोघं ख्रिस्ती, दोघं सज्ञान, दोघं एकाच प्रभूचं मीठ खाणारी. बापानं काय म्हणावं? 'देवाची स्तुती असो' म्हणावं! शमुवेलराव काय म्हणाले? 'वरच्या आळीचं नाक कापलं.'

शास्त्रात कुठं आहे हो वरची आळी? मला पान दाखवा! मी आयुष्यभर वाचतोय, मला सापडली नाही!

लग्न तालुक्याच्या देवळात लागलं. बाप गेला नाही. आईला जाऊ दिलं नाही. राहेलबाई – शमुवेलरावांच्या मंडळी – लग्नाच्या वेळेला चुलीपुढं बसून राहिल्या. आणि त्या दिवसापासून रिबकाला गोर्ड्यांच्या घराचा उंबरा बंद.

तुम्ही म्हणाल, आईनं चोरून भेटायचं. भेटली ना! एका नाताळात शमुवेलराव कमिटीच्या कामाला नगरला गेलेले, तेवढ्यात रिबका करंज्यांचा डबा घेऊन आली. मायलेकी घटकाभर बसल्या. संध्याकाळी पंच घरी आले. करंज्या बघितल्या. ओळखलं. मुलीला बोलले? नाही. इसहाकच्या दारात जाऊन ओरडले? नाही. ते बायकोशी बोलायचे बंद झाले! नाताळपासून ईस्टरपर्यंत! एका छपराखाली दोघं, आणि 'चहा ठेवा म्हणावं' हा निरोप शेजारच्या सगुणाबाईंकडून! त्या बाईनं नवऱ्याच्या तोंडातून आपलं नाव तीन महिने ऐकलं नाही.

गर्विष्ठ माणूस असा असतो, मंडळी. जो त्याच्यापुढं उभा राहतो त्याला तो हात लावत नाही. जो मुकाट सोसतो, त्याच्यावर काढतो.

रिबका शहाणी झाली. 'मी गेले की आईला भोगावं लागतं' – म्हणून तिनं जाणंच सोडलं. उंबऱ्याला कुलूप नव्हतं. कुलपाची गरजच नव्हती.

तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय. एकमेकांकडे बघा की जरा!

असो. वर्षं गेली. राहेलबाईंना दुखणं लागलं. पोटात पाणी झालं, पाय सुजले, डॉक्टरांनी सांगितलं, 'घरी न्या, जे मागतील ते द्या.' त्या बाईनं काय मागितलं असेल? द्राक्षं? शहाळं? पाळकसाहेब प्रार्थनेला आले, तर त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "साहेब, मला काही नको. माझ्या रिबीचा हात एकदा माझ्या कपाळावरनं फिरू द्या. मग मी सुखानं जाते."

एवढंच! एक हात, आणि एक कपाळ! मधे होतं किती अंतर? वरच्या आळीतून खालच्या आळीत – विडी पेटवून निघालात तर विझायच्या आत पोहोचाल!

पाळकसाहेब बाहेर आले. ओसरीवर पंच. पाळकांनी भीत भीत विषय काढला. शमुवेलराव ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "माझी ना नाही. मी क्षमा करणारा माणूस आहे. पण चुकलंय ते मंडळीसमोर चुकलंय. इसहाकनं या पवित्र गुरुवारी देवळात यावं, सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवावं, चूक कबूल करावी. त्या क्षणाला माझं दार उघडं."

आणि पाळक काय म्हणाले ठाऊक आहे? 'देवाची कृपा!' देवाची कृपा? मरणाऱ्या आईला लेक भेटवायला अट! आणि तुम्ही कृपा म्हणता? पाळकसाहेब, तुमचा झगा पांढरा होता, कणा कुठं होता? तिथंच त्या ओसरीवर तुम्ही म्हणायला पाहिजे होतं – 'पंच, हे पाप आहे!' नाही म्हणाले. बदली डोळ्यापुढं होती.

निरोप खालच्या आळीत गेला. इसहाक भडकला असेल म्हणता? भडकला! पुरुष आहे तो! म्हणाला, "काय चुकलो मी? लगीन केलं, पळवून न्हाई नेली." रिबका चुलीपुढं बसलेली. चुलीवरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. इसहाकनं ते बघितलं आणि म्हणाला, "जातो मी. पायावर काय, दगडावर डोकं ठेवायला सांगितलं तरी ठेवतो. तुझी आई मोठी का माझी मान मोठी?"

ऐकलंत? हा खालच्या आळीचा! याला कोणी गुडघ्यावर बघितला नव्हता, याच्या लीनतेची गावात चर्चा नव्हती.

गुरुवार उजाडला. नेमकी त्याच दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी आली. ज्यांनी शेतात दारं धरलीत त्यांना माहीत आहे – पाणी चालू असताना माणूस बांध सोडून जाऊ शकत नाही. मालकाचा ऊस, इसहाकच्या हातात फावडं. दिवस कलला तरी पाणी चालूच. तिकडं घंटा झाली. शेवटी शेजारच्याला फावडं दिलं आणि इसहाक पळत सुटला. अंगावर कामाचे कपडे, पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. वाटेत रिबका भेटली. तिला म्हणाला, "तू सरळ वर जा. दारात थांब. मी सांगून येतो, मग आत जा." रिबका निघाली.

देवळात काय चाललं होतं? बारा खुर्च्या मांडलेल्या, समोर तांब्याचं घंगाळ. पण अकराच जण बसलेले – बाराव्या म्हाताऱ्याला सकाळीच ताप भरला होता. खुर्ची रिकामी. शमुवेलराव कमरेला टॉवेल गुंडाळून खुर्च्यांसमोर सरकत सरकत पुढं जात होते. इसहाक दारातून आत आला आणि बावरला. पायावर डोकं ठेवायचं – पण पंचांचे पाय तर मागं! ते स्वतःच गुडघ्यावर! हसू नका, मला हसू येत नाही! एका अधू नजरेच्या म्हातारीला वाटलं, हा बारावा. तिनं हाताला धरून बसवला, "बैस बाबा, जागा हाय." तो बसला. मनात म्हणाला, समोर आले की खाली उतरीन.

शमुवेलरावांची मान खाली. नववा झाला. दहावा झाला. अकराव्याचे पाय पुसले. सरकले. आणि नजरेपुढं काय आलं? चिखल! टाचा फुटलेल्या, बोटांच्या बेचक्यात शेवाळ, पिंढरीला गवताची पाती चिकटलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या देवळात धुवायला लायक असे पाय आले होते!

गोर्ड्यांच्या तीन पिढ्यांना देवानं ज्या कामासाठी तिथं बसवलं, ते काम समोर आलं होतं. पाणी होतं. टॉवेल होता. गुडघे आधीच टेकलेले होते! काही नवीन करायचं नव्हतं. फक्त हात पुढं करायचा होता!

शमुवेलरावांनी वर बघितलं.

इसहाक खुर्चीवरून खाली उतरला. पंच गुडघ्यावर, तो पण गुडघ्यावर. दोघांची डोकी सारख्या उंचीवर. हात जोडून म्हणाला, "मामा, चुकलो. मंडळीसमोर म्हणतो, चुकलो. रिबीला तिच्या आईकडं जाऊ द्या. आईची तब्येत लई..."

झालं! हवं होतं ते मिळालं! माफी मिळाली, सगळ्यांदेखत मिळाली. एक शब्द बोलायचा होता – 'जा.' दोन अक्षरं सुद्धा नाहीत, मंडळी. एक!

शमुवेलराव म्हणाले, "असं नाही."

"मग कसं, मामा?"

"मी खाली बसलेला असताना नाही. मी उभा असताना. आणि देवाच्या घरात हा चिखल? बाहेर नळावर पाय धू. उपासना संपली की ये. मी पायरीवर उभा राहीन, तेव्हा ये."

कळलं का? कळलं का मंडळी, कुठं दुखलं ते? माफीचं दुखणं नव्हतं! त्याला ती वरून पाहिजे होती! खालच्या आळीचा माणूस आपल्यासारखाच गुडघ्यावर, आपल्या डोळ्याला डोळा लावून माफी मागतोय, हे सोसलं नाही. टॉवेल कमरेला होता, पण आतला माणूस गच्चीवर फिरत होता! बाबेलच्या गच्चीवर!

सिमोनराव, आता धरा सूर.

*स्वामी बसला खाली, हाती पाण्याची परात ।*
*आम्हां उभ्यांना ना लाज, ताठ मानेची ही जात ॥*

देव खाली बसला, मंडळी! आकाश आणि पृथ्वी ज्यानं केली तो कोळी शिष्यांच्या पायाशी बसला. ज्यानं विकायचं ठरवलं होतं त्या यहूदाचे पण पाय धुतले. 'आधी नळावर जाऊन ये' म्हणाला का? 'मी उभा राहीन तेव्हा ये' म्हणाला का?

आणि त्या देवळात माणसं किती होती? भरलं होतं देऊळ! सगळ्यांनी ऐकलं. अकरा जण तर स्वच्छ पायांनी समोरच बसले होते. एक उठला का? 'पंच, जाऊ द्या हो पोरीला' – एक बोलला का? पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. मंडळीनं ते उभं राहून, चांगल्या चालीत म्हटलं. गाणारी तोंडं बोलायला कुठं गेली होती? मला त्या पंचाइतकाच राग त्या गाण्याचा येतो!

इसहाक बाहेर गेला. नळावर पाय धुतले. आणि थांबला.

आता तिकडं वर चला. गोर्ड्यांचं घर. दार उघडं – नुसतं लोटलेलं. बाहेर ओट्यावर रिबका. आत खाटेवर राहेलबाई, उशाशी सगुणाबाई. राहेलबाईंचा श्वास सकाळपासून वरवर लागलेला. सगुणाबाई बाहेर आल्या, "अगं रिबे, आत ये. तुझं नाव घेती."

रिबका म्हणाली, "येते मावशी. हे देवळात गेलेत, दादांनी हो म्हटलं की आलेच."

"अगं कुठं दादा घिऊन बसलीस, ये!"

"न्हाई मावशी. मी अशीच घुसले आणि दादांना कळलं, तर ते पुन्हा आईशी बोलायचं सोडतील. या दुखण्यात? तिला आता तसं व्हायला नको. आज सगळं मिटतंय. थोडं थांबते."

बघा! त्या पोरीच्या मनात भीती कोणासाठी? स्वतःसाठी नाही! मरणाऱ्या बाईला नवऱ्याचा अबोला सोसावा लागू नये म्हणून लेक दाराबाहेर उभी! ती खिडकीशी गेली, गजाला धरून म्हणाली, "आई, मी हितंच हाय. आले बघ."

आतून आवाज आला, "ये ना गं."

"आले आई. उपासना सुटल्याची घंटा झाली की आले."

देवळात प्रभुभोजन सुरू झालं. भाकर मोडली. प्याला फिरला. शमुवेलराव पहिले उठले, सगळ्यांच्या आधी घेतलं. 'एकमेकांवर प्रीती करा' हा धडा त्यांनीच वाचला, तो पण खड्या आवाजात! मग सूचना. मग शुक्रवारच्या उपासनेची वेळ. मग मांडवाचं कोण बघणार त्यावर चर्चा!

"आई, ऐकतेस ना? आले हां."

आतून उत्तर नाही. श्वास तेवढा ऐकू येतोय.

उपासना संपली. माणसं बाहेर आली, शमुवेलराव पायरीवर उभे राहिले. सगळ्यात वरच्या. इसहाक आला. ओल्या पायांनी. वाकला, डोकं ठेवलं. पंचांनी त्याला लगेच उठवलं का? नाही! तो वाकलेला असतानाच पंच बोलायला लागले. क्षमेवर! उधळ्या पुत्रावर! 'बापाचं हृदय कसं असतं' यावर! अहो, त्या गोष्टीतला बाप तर लांबून पोराला बघून धावत सुटला होता! त्यानं पायरीवर उभं राहून भाषण केलं होतं का?

भाषण चालू असताना माणसांत वाट झाली. सगुणाबाई आल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. पायरीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंच, आटपा. राहेल गेली."

इसहाकनं डोकं वर केलं. तो पळाला. पंच त्याच्यामागं – आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं घाई केली! धोतर सावरत, धापा टाकत घर गाठलं. बघतात तो काय? रिबका अजून ओट्यावर. खिडकीचा गज हातात. दार लोटलेलंच. तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

शमुवेलराव उंबऱ्यात गेले. वळले. हात पुढं केला आणि म्हणाले, "ये पोरी. ये आत. माझी परवानगी आहे."

रिबकानं त्यांच्याकडं बघितलं. रडली नाही. ओरडली नाही. म्हणाली, "आता कशाला, दादा?"

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसा! मला ते पाणी नको! मला ठाऊक आहे, आता तुम्हाला काय ऐकायचंय. पंच रडले का? पंच सुधारले का? रडले हो. खूप रडले. सगुणाबाईंनी रिबकाला धरून आत नेलं, तिनं आईच्या कपाळावरनं हात फिरवला, आणि बाप कोपऱ्यात डोकं आपटून घेत होता. पुढं त्यानं पंचपद सोडलं. खालच्या आळीत जाऊन इसहाकचे पाय धरले. तिथं कोणी बघायला नव्हतं, आणि त्या दिवशी तो खरा खाली बसला. देवानं त्याला क्षमा केली असेल? केली असेल! देवाची दया माझ्या रागापेक्षा मोठी आहे, हे मला कबूल आहे. पण राहेलबाईंना काय मिळालं? एक हात मागितला होता त्या माउलीनं. तो फिरला, पण थंड कपाळावर!

म्हणून शास्त्र ओरडून सांगतं, गर्वाच्या मागोमाग नाश चालत येतो. आपण समजतो, गर्विष्ठाचाच नाश होणार, होऊ दे! नाही हो! गर्व याचा, आणि मरण तिचं. ताठ मान बापाची, आणि गज धरून उभी लेक!

आता तुमच्याकडे येतो. खाली बघू नका. मी या गावात पहिल्यांदा आलो नाही. मला कोणी चहाडी सांगितली नाही, पण चहा देताना घराघरांत कोण कोणाचं नाव टाळतं, ते माझ्या लक्षात येतं. इथं भाऊ आहेत – मधे भिंत घातलीय, आणि दोघेही प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावतात. इथं सासू आहे, 'तिनं आधी बोलावं' म्हणणारी. इथं बाप आहे, त्याचा मुलगा पुण्यात आहे, आणि 'त्यानं आधी फोन करावा' म्हणून बापाचा फोन खिशात गप्प आहे. इथं मंडळी अशी आहे, जिला हे सगळं ठाऊक आहे, आणि जी सुंदर गाते!

म्हणता, आम्ही कुठं दार लावलंय? उघडंच आहे की! त्यांचं पण उघडंच होतं! कोणीतरी तुमच्या एका शब्दासाठी बाहेर उभं आहे. आणि तुम्ही आपला पायरीवर उभं राहायचा मुहूर्त बघताय!

कीर्तनाच्या शेवटी मी प्रार्थना करतो आणि आशीर्वाद देतो, तशी रीत आहे. आज देणार नाही. सिमोनराव, पेटी मिटवा. ओल्या डोळ्यांनी हात जोडून 'आमेन' म्हणायचं, आणि घरी जाऊन आहे तसं जेवायला बसायचं – त्याला मी आशीर्वाद द्यायचा? नाही!

उठा. ज्याला जायचंय त्याला मी काय म्हणतोय ते कळलंय. चप्पल सापडली नाही तर अनवाणी जा. पाय धूत बसू नका. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते सुचणार नाही, तर नुसते उभे राहा, पण जा. मी इथंच बसलोय.

अजून बसलात? कोण उठतंय ते बघताय होय एकमेकांकडं? तोच गर्व! तोच! उठा म्हणतो ना – तिकडं माणूस वाट बघतंय!